जिन कोणती घ्यावी, आणि 43 डिग्रीत ती प्यावी कशी?

गोदाकाठ (नांदेड)

जिनच्या दोन बाटल्या घ्यायच्या आहेत. एक घरच्या बैठकीसाठी, एक पाहुण्यांसाठी. आजवरची सवय व्हिस्की-सोड्याची. जिन मागवली की नाकाला सेंटसारखा वास येतो आणि सोबतचं टॉनिक (कडसर-गोड सोडापेय) कडू लागतं, तरी ज्याला विचारावं ते जिन-टॉनिकच घ्या म्हणायलेत. वाइन शॉपमध्ये ब्लू रिबँडपासून हेंड्रिक्सपर्यंत रांग लागलेली असते आणि काउंटरवरचा माणूस किमतीपलीकडे काही सांगत नाही.

तर विचारायचं हे, की आपल्याला कोणती आवडेल ते बाटली घ्यायच्या आधी कसं ओळखावं? टॉनिक आवडत नसेल तर जिन कशासोबत घ्यावी? आणि उन्हाळ्यात ग्लासात टाकलेला बर्फ दहा मिनिटांत पाणी होतो, त्याला काय उपाय? घरात शेकर, मोजमाप वगैरे काही नाही. लिंबू, कैरी, मोसंबी मात्र भरपूर आहे.

धनेजिरे (लातूर)

सुरुवात ज्युनिपरपासून करा, कारण जिन म्हणजे तटस्थ अल्कोहोलला ज्युनिपरच्या फळाचा वास. तो वास देवदार-चीडच्या लाकडाकडे झुकणारा, थोडा राळेचा असतो. त्याच्या जोडीला जवळजवळ प्रत्येक जिनमध्ये धने असतात. कोथिंबीर नव्हे, धने. धन्यातलं लिनालूल हे सुगंधी द्रव्य लिंबाच्या सालीसारखा सुगंध देतं. पुढे अँजेलिकाचं मूळ, संत्र्याची साल, ज्येष्ठमध, वेलदोडा असं ज्याचं त्याचं. तुम्हाला जो सेंट वाटतो तो बहुतेक फुलांकडे झुकणाऱ्या जिनचा असणार. गुलाब, कॅमोमाइल असं काही त्यात पुढे आलेलं असतं. नाहीतर मग अल्कोहोलमध्ये नुसता अर्क मिसळून केलेली स्वस्त जिन असेल.

लेबलवर ‘लंडन ड्राय’ लिहिलेलं असतं ते गावाचं नाव नाही, करण्याची पद्धत आहे. युरोपच्या नियमानुसार अशा जिनमध्ये सगळा स्वाद ऊर्ध्वपातनातूनच यावा लागतो. नंतर रंग घालता येत नाही आणि साखर लिटरला 0.1 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. हेंड्रिक्समध्ये काकडी आणि गुलाबाचा अर्क ऊर्ध्वपातनानंतर घालतात, म्हणून ती लंडन ड्राय नाही. त्यामुळे ती वाईट ठरत नाही, पण तुमच्या नाकाची तक्रार पाहता पहिली बाटली ती नको.

आता ओळखायचं कसं. दोन-तीन वेगवेगळ्या जिनच्या मिनिएचर किंवा चपट्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर तीन मित्रांनी एकेक बाटली आणावी. सारखे काचेचे ग्लास घ्या, प्रत्येकात 15 मिली जिन आणि तेवढंच साधं पाणी घाला. भारतात जिन बहुतेक 42.8 टक्क्यांची असते, निम्मं पाणी घातलं की ती 21 च्या आसपास येते. अल्कोहोलची झोंब कमी होते आणि वास मोकळा होतो. बर्फ घालू नका, गारव्यात वास दबतो. बाटलीच्या तोंडाला नाक लावून वास घेणं तर अजिबात नको, तिथे नुसता अल्कोहोलच लागतो. चकण्याला त्या आधी हात लावू नका. काळ्या मसाल्याचे शेंगदाणे खाल्ले की पुढचा अर्धा तास सगळ्या जिन सारख्याच लागतील. पाणी घातल्यावर एखादा ग्लास किंचित दुधाळ झाला तर घाबरू नका. त्यात सुगंधी तेल जास्त आहे आणि अल्कोहोल पातळ झाल्यावर ते बाहेर पडतंय, एवढंच.

यातून तुमचा कल कळेल. लाकडी-राळेचा वास आवडला तर टँकरे किंवा बीफीटर. टँकरेत चारच घटक आहेत (ज्युनिपर, धने, अँजेलिका, ज्येष्ठमध), त्यामुळे ज्युनिपर म्हणजे काय ते शिकायला तिच्यासारखी दुसरी नाही. आंबट सालीचा वास आवडला तर गोव्याची स्ट्रेंजर अँड सन्स, तिच्यात देशी लिंबू-संत्र्यांच्या साली आणि मिरी, जायफळ असे आपले मसाले आहेत. बॉम्बे सफायर या दोहोंच्या मधली. तिचे दहा घटक अल्कोहोलमध्ये बुडवत नाहीत, त्यांच्यामधून वाफ नेतात, म्हणून ती हलकी लागते. जैसलमेर जिनमध्ये वाळा आणि दार्जिलिंगचा ग्रीन टी आहे. ‘ग्रेटर दॅन’ नावाची जिन आलं, गवती चहा, बडीशेप या अंगाने जाते आणि सोडा, लिंबू, टॉनिक कशातही मिसळते.

घरच्या बैठकीला ग्रेटर दॅन किंवा बॉम्बे सफायर घ्या, पाहुण्यांसाठी स्ट्रेंजर किंवा जैसलमेर. हेंड्रिक्सचे पैसे तूर्त वाचवा आणि ते चांगल्या टॉनिकवर घाला. तीन भाग टॉनिक असलेल्या ग्लासात महागड्या जिनचा बारकावा फारसा उरत नाही. साखरपाण्यासारखं टॉनिक मात्र कुठल्याही जिनची चव घालवतं.

वाळूजकट्टा (छत्रपती संभाजीनगर)

जिनचं वर आलंच आहे, मी बर्फ आणि टॉनिकचं सांगतो. मराठवाड्यात जिन बिघडते ती इथेच.

ग्लासात दोन-तीन खडे टाकायचे म्हणजे पाणी कमी होईल, ही समजूत उलटी आहे. थोडा बर्फ लवकर वितळतो, कारण पेयाची सगळी उष्णता त्या दोन खड्यांवर येते. ग्लास काठापर्यंत बर्फाने भरा. सगळं एकदम थंड होतं आणि मग बर्फ सावकाश विरघळतो. त्यात टॉनिक कोमट असेल तर दोन नुकसानं होतात. बर्फ वितळतो आणि गॅस उडतो, कारण गरम द्रवात कार्बन डायऑक्साइड टिकत नाही. तेव्हा टॉनिक किमान चार तास फ्रीजमध्ये पाहिजे. जिन फ्रीझरमध्ये ठेवली तरी चालेल, 42.8 टक्क्यांची जिन घरच्या -18 डिग्रीला गोठत नाही. ग्लासही दहा मिनिटं आत ठेवा.

मोठा, स्वच्छ बर्फ घरी होतो आणि त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. चपात्या ठेवायचा कॅसरोल घ्या, त्यात जारचं किंवा आरओचं पाणी भरा आणि झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. बाजू आणि तळ उष्णतारोधक असल्यामुळे पाणी वरून खाली गोठत जातं आणि विरघळलेली हवा व क्षार खाली ढकलले जातात. 18 ते 24 तासांनी, तळाला थोडं पाणी शिल्लक असतानाच लादी काढा. तेवढं पाणी ओतून दिलं की वरचा भाग काचेसारखा निघतो. पूर्ण गोठू दिलं तर तळचा थर पांढरा होतो आणि फुगून कॅसरोलला तडा जाऊ शकतो. लादी बाहेर काढल्या काढल्या तोडू नका, ती तडकून चुरा होईल. वरची पांढरी धूळ जाऊन ती ओली, चकचकीत दिसू लागली की दात्यांची सुरी ठेवून तिच्या पाठीवर लाटण्याने हलके ठोके द्या. सरळ भेग जाते. आपल्या उन्हाळ्यात हे पाच-सात मिनिटांत होतं.

बोअरचं पाणी वापरू नका. जड पाण्याचा बर्फ गढूळ होतो आणि जिनमध्ये खारट उतरतो. फ्रीझरमध्ये मटण किंवा मसाला असेल तर कॅसरोलवर सैल कापड टाका, बर्फ वास फार पटकन धरतो. बर्फ कारखान्याची लादी आणणार असाल तर ती खाण्याची आहे का ते विचारा. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे, आणि निळा नाही म्हणजे खाण्याचाच असंही धरून चालू नका.

आता प्रमाण. 45 मिली जिनला 120 ते 135 मिली टॉनिक. आधी बर्फ, मग जिन, चमच्याने दहा सेकंद फिरवा म्हणजे जिन गार होईल. मग ग्लास तिरका करून टॉनिक कडेने सोडा. शेवटी चमचा तळापर्यंत घालून एकदाच वर उचला. ढवळत बसलात की गॅस गेला. मोजमाप नसेल तर मेडिकलमध्ये औषधाचं 10-15 मिलीचं टोपण मिळतं, ते पुरे. अंदाजाने ओतलं की हमखास 60-70 मिली पडते.

टॉनिक छोट्या बाटलीचं किंवा कॅनचं घ्या, 200-300 मिलीचं. मोठी बाटली एकदा उघडली की दुसऱ्या दिवशी तिच्यात कडू साखरपाणी उरतं. तुम्हाला कडू लागतं ते क्विनीन. त्यावर दोन उपाय आहेत. निम्मं टॉनिक, निम्मा साधा सोडा घ्या. किंवा मिठाचे अगदी चार कण टाका, मीठ कडवटपणा दाबतं. मीठ टॉनिक ओतण्याआधी जिनमध्ये विरघळवा. वरून टाकलं तर फेस उसळून बाहेर येतो.

आणि लिंबू पिळू नका. आपलं कागदी लिंबू फार आंबट असतं, अर्धं पिळलं की टॉनिकचं लिंबू सरबत होतं. पातळ साल काढून ग्लासावर मुरडा, तेल पृष्ठभागावर उडालं पाहिजे. सालीचा पांढरा भाग येऊ देऊ नका.

मोसंबीबाग (जालना)

लिंबू पिळण्याबाबत वाळूजकट्टा यांच्याशी पूर्ण सहमत नाही. चांगलं टॉनिक असेल तेव्हा ते म्हणतात ते बरोबर. पण बाजारात सर्रास मिळणारं टॉनिक बरंच गोड असतं, आणि त्यात 5 मिली लिंबाचा रस (लहान चमचाभर) घातला तर ते सुधारतं. अर्धं लिंबू नको, एवढंच.

गोदाकाठ, तुम्हाला टॉनिक आवडत नाही तर त्याच्या मागे का लागता? जिनला टॉनिकच पाहिजे असं काही नाही. तुमच्याकडे लिंबू आहे तर गिमलेट करा. 60 मिली जिन, 20 मिली ताजा कागदी लिंबाचा रस, 20 मिली साखरेचा पाक. पाक म्हणजे 100 ग्रॅम साखर 100 मिली पाण्यात विरघळवून गार केलेली, उकळून तार आणायची नाही. शेकर नाही म्हणता, तर घट्ट झाकणाची, रुंद तोंडाची स्टीलची बाटली चालेल. बर्फाने भरा, 12 ते 15 सेकंद जोरात हलवा. बाटलीच्या बाहेरून दव आलं आणि हाताला चटका बसेल इतकी गार लागली की झालं. चहाच्या गाळणीतून गार ग्लासात गाळा आणि बर्फाशिवाय द्या. इथे दोन गोष्टी चुकतात. लिंबू सकाळी पिळून ठेवलं तर रस कडवट होतो. आणि थोडा बर्फ घालून जास्त वेळ हलवलं तर पेय पाणचट होतं. रस पिळताना लिंबू फार दाबू नका, सालीचा कडूपणा उतरतो.

लांब ग्लासात पाहिजे असेल तर टॉम कॉलिन्स घ्या. 45 मिली जिन, 20-25 मिली लिंबू, 20 मिली पाक, वर 90 मिली गार सोडा. व्हिस्की-सोड्याची सवय असलेल्याला हे पहिल्या ग्लासात जमतं.

मोसंबीचं नीट ऐका, कारण इथे बरेच जण फसतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, रस भरपूर, पण आंबटपणा फार कमी. नुसता मोसंबीचा रस आणि जिन घेतलं की गुळमुळीत लागतं. 45 मिली जिन, 60 मिली मोसंबीचा रस, 10 मिली लिंबू, चिमूटभर मीठ, 60 मिली सोडा, असं धरा. रस ऐनवेळी काढा, हातयंत्रावर. मिक्सरमध्ये बी आणि पांढरी साल फिरली की लिमोनिन या घटकामुळे रस कडू होतो. नीट काढलेलासुद्धा ठेवला की कडू होत जातो. म्हणून आधीच मोठा जग भरून ठेवून पाहुण्यांची वाट बघत बसणं यात चालत नाही. यात स्ट्रेंजर अँड सन्स उत्तम बसते.

कैरीचं म्हणाल तर पन्ह्याचा घट्ट गर करून ठेवा. उकडलेल्या कैरीचा गर 100 ग्रॅम, गूळ 100 ते 120 ग्रॅम, मीठ, वेलदोडा. कापडातून गाळा, गाळणीतून धागे निसटतात. 45 मिली जिन आणि 40 मिली गर बर्फावर आधी नीट एकजीव करा, मग 100 मिली सोडा तीन वेळा थोडा थोडा घाला. गराच्या बारीक कणांवर गॅसचे बुडबुडे धरतात, त्यामुळे सोडा एकदम ओतला की अर्धा टेबलावर सांडतो. जिरेपूड घालायची तर चिमटीपेक्षा कमी. जिरं धन्याला झाकून टाकतं आणि मग जिन घातली काय, न घातली काय.

काकडी आवडत असेल तर वाळूकही चालतं, पण दोन्ही टोकं चाखून बघा. कडू निघालं तर टाकून द्या, एक फोडसुद्धा सगळा ग्लास कडू करते.

गोदाकाठ (नांदेड)

सगळ्यांचे मनापासून आभार, कॅसरोल आजच भरून ठेवतो. तीन गोष्टी अजून. पाहुण्यांपैकी एक जण मार्टिनी आणि निग्रोनी ही जिनची कॉकटेल्स म्हणतात, ते घरी जमेल का? मोठ्या भावाला मधुमेह आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांना टॉनिक चालेल का? आणि बाटली उघडल्यावर किती दिवस टिकते? आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब दुपारी तापतो.

धनेजिरे (लातूर)

दोन्ही जमतील, पण दोन्हींना व्हर्मुथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) लागतं. ते तुमच्याकडे प्रत्येक दुकानात असेलच असं नाही, आधी विचारून ठेवा. निग्रोनी सोपी: जिन, कंपारी (कडू लाल इटालियन मद्य), गोड लाल व्हर्मुथ, प्रत्येकी 30 मिली. मोठ्या बर्फावर 20-30 सेकंद ढवळा, वर संत्र्याची साल. मोसंबीची साल इथे कमी पडते. ज्युनिपर ठळक असलेली जिन लागते, हलकी जिन कंपारीखाली दिसतसुद्धा नाही.

मार्टिनीला 60 मिली जिन आणि 10 मिली ड्राय व्हर्मुथ, भरपूर बर्फात अर्धा मिनिट ढवळून गाळायची. यात लपायला जागा नाही. जिन, बर्फाचं पाणी आणि गारवा, तिन्ही चोख पाहिजेत. ढवळताना बर्फाचं जे 20 मिलीच्या आसपास पाणी सुटतं ते त्यात हवंच असतं, म्हणून फ्रीझरमधली गोठणगार जिन वापरली तर थोडं जास्त ढवळा, नाहीतर नुसती जळजळीत लागेल. आणि हे नक्की लक्षात ठेवा की व्हर्मुथ ही वाइन आहे. उघडली की फ्रीजमध्ये, आणि दीड-दोन महिन्यांत संपवायची. कपाटात वर्षभर पडलेल्या व्हर्मुथची मार्टिनी शिळ्या वाइनसारखी लागते आणि दोष जिनला जातो. लहान बाटली मिळाली तर तीच घ्या.

नान खलिया किंवा तिखट मटण असेल त्या दिवशी मार्टिनी काढू नका. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते. गिमलेटमध्ये सोडा घालून तीच लांब करा, किंवा पन्ह्याची जिन.

औषधीकोपरा (परभणी)

भावाबद्दल. क्विनीनचा काही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी, विशेषतः वॉर्फरिनशी, आणि हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या काही औषधांशी संबंध येतो. अल्कोहोलचा तर येतोच. त्यामुळे हा निर्णय गोळी बघून त्यांच्या डॉक्टरांनीच द्यायचा, तोवर त्यांना नुसता लिंबू-सोडा. साखरेचं म्हणाल तर साध्या टॉनिकमध्ये 100 मिलीला 5 ते 9 ग्रॅम साखर असते, कॅनवर छापलेलं असतं ते वाचा. 300 मिलीचा कॅन म्हणजे पाच-सहा चमचे साखर होऊ शकते, आणि कडूपणामुळे ती जिभेला कळत नाही. बिनसाखरेचं टॉनिक मिळतं, पण क्विनीन त्यातही असतं.

बाकीच्यांसाठीही एक हिशेब. 42.8 टक्क्यांच्या 30 मिलीत साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. 45 मिली जिन आणि 120 मिली टॉनिक म्हणजे ग्लास जवळपास 12 टक्क्यांचा, वाइनइतका. उन्हाळ्यात तो तहान लागल्यासारखा पिला जातो, म्हणून प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी ठेवा. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, ती एका मोठ्या पेगलाही ओलांडली जाऊ शकते. जो गाडी चालवणार त्याला पन्हं-सोडा द्या, जिन न घालता. महाराष्ट्रात या दारूला वय 25 पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो, पाहुण्यांत तरुण मुलं असतील तर तेही बघा.

वाळूजकट्टा (छत्रपती संभाजीनगर)

बाटलीचं राहिलं. जिन नासत नाही, पण तिचा वास उतरतो, आणि आधी लिंबू-संत्र्याच्या सालीचा उतरतो. बाटलीत जितकी जास्त हवा तितकं लवकर. निम्म्याच्या खाली आली की दोन-तीन महिन्यांत संपवा, किंवा स्वच्छ, कोरड्या काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीत नको.

तापलेल्या स्लॅबखालचं वरचं कपाट आणि शोकेसची उन्हाची काच, दोन्ही जागा टाळा. सर्वांत खालचा, अंधारा कप्पा बघा. बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवली तर बुचाला सतत अल्कोहोल लागतो, बूच भुसभुशीत होतं आणि त्याचा वास जिनला लागतो. घरच्या बैठकीची बाटली सरळ फ्रीजमध्ये ठेवली तरी काही बिघडत नाही, तुमच्याकडच्या मे महिन्यात तर तेच बरं. टॉनिक मात्र फ्रीजच्या दारात ठेवू नका. दार उघडझाप होऊन ते पाहिजे तेवढं गार होतच नाही. आतल्या बाजूला, मागच्या भिंतीजवळ ठेवा, पण भिंतीला चिकटवून नको. तिथे बर्फ धरला तर कॅन फुगतो.